पाच लाखांचं कार्ड हातात असूनही घरातले पैसे कुठे जातात?

प्रश्न देवगड तालुक्यातल्या एका तरुणाचा आहे. थोडक्यात असा: वडील पंचावन्न वर्षांचे, ट्रॉलरवर खलाशी. महिन्याभरापासून चढण चढताना छातीत दुखतं. खासगी डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली आहे. घरात केशरी रेशनकार्ड आहे, पण वडिलांचं नाव अजून मुंबईच्या काकांच्या कार्डावर आहे. आई काजूच्या कारखान्यात जाते. एका रुग्णालयाने आधी पन्नास हजार भरायला सांगितले आहेत. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेतून खरंच मोफत होतं का, की कर्ज काढून मोकळं व्हावं? शेवटी एक ओळ आहे: आईच्या पायांनाही सूज येते, पण ते नंतर बघू.

कर्ज काढू नका. निदान उद्या मी सांगते त्या ठिकाणी जाऊन येईपर्यंत तरी सोनं गहाण ठेवू नका आणि पतपेढीच्या फॉर्मवर सही करू नका.

त्याआधी एक. वडिलांना बसल्याजागी छातीत दुखलं, दरदरून घाम आला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका आपल्याकडे २०१४ पासून आहे, तिला पैसे लागत नाहीत आणि गाडीत डॉक्टर असतो. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालयाला योजनेची मंजुरी फोनवरून घेता येते, कागद नंतर दिले तरी चालतात. रेशनकार्ड मिळेना म्हणून पेट्या उपसत बसलेली घरं मी पाहिली आहेत. कार्ड मिळालं तेव्हा माणूस ओट्यावरच गेलेला होता.

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या सरकारी रुग्णालयांत सव्वीस वर्षं वैद्यकीय समाजसेवा अधीक्षक म्हणून काम केलं. वॉर्डात आम्हाला नुसतं ‘समाजसेवाच्या बाई’ म्हणत. डॉक्टर उपचार सांगून पुढच्या खाटेकडे गेले की नातेवाईक आमच्या टेबलाशी येत, आणि त्यांचा पहिला प्रश्न तोच असे, जो तुम्ही विचारला आहे.

उत्तर असं आहे की शस्त्रक्रिया मोफत होते. अगदी खरोखर होते. पण घर ज्या खर्चानं बसतं, तो बहुतेक वेळा शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर होतो, आणि त्याचा हिशेब कोणी आधी मांडत नाही.

एक बाई मला कायम आठवते. तिचा नवरा तुमच्या वडिलांसारखाच खलाशी. त्याला हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक जाळी, घालून आणला होता आणि पंधरा दिवसांनी तो तपासणीला आमच्याकडे आला होता. बाकावर ती बसली होती, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. पिशवीत रेशनकार्ड, आधार, विम्याच्या जुन्या पावत्या, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला आणि कागदात बांधलेला अंगारा. कोण कधी काय मागेल सांगता येत नाही म्हणून घरातला प्रत्येक कागद तिनं उचलून आणला होता. काजूच्या चिकानं तिच्या बोटांची सालं गेली होती, नखं काळी पडली होती. मी म्हटलं, योजनेतून झालं ना सगळं? ती म्हणाली, ‘झाला. एक रुपयो घेतल्यानी नाय. पण बाई, माझ्यो पाटल्यो गेलेच.’

मग आम्ही दोघींनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिला. आधी तीन खासगी दवाखाने, प्रत्येक ठिकाणी नव्याने ईसीजी आणि रक्त, मिळून नऊ हजार. घाटावर नेण्याआणण्याची गाडी, दोन वेळा, तेरा हजार. दोन माणसांचं जेवण आणि राहणं, बारा दिवस. घरी आल्यावर महिन्याची औषधं. हे होईपर्यंत आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेला. शेवटी तिनं सर्वांत मोठी रक्कम सांगितली, तीही सांगू की नको असं करत: मालकाकडून हंगामाच्या सुरुवातीला घेतलेली उचल. ऑगस्टमध्ये बोट दर्यात गेली की खलाशी मे अखेरपर्यंतच्या कामावर आगाऊ रक्कम उचलतो. हा माणूस नोव्हेंबरात आजारी पडला. उचल अंगावर राहिली, आणि पुढचा हंगाम ती फेडण्यातच जाणार होता. योजनेनं दीड-पावणेदोन लाखांचा उपचार दिला होता, तो नसता तर तो वाचला नसता. तरीही पाटल्या गेल्याच.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. यातला निम्मा खर्च टाळता येण्यासारखा होता, म्हणून सांगते.

योजनेबद्दल आधी थोडं, कारण नावांच्या गोंधळात माणसं अडकतात. गावात आजही ‘जीवनदायी’ म्हणतात. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. मुंबई आणि उपनगर सोडलं तर कोकणातला त्यात फक्त रायगड होता. रत्नागिरी, सिंधुदुर्गाला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. १ जुलै २०२४ पासून ते पाच लाख झालं, उपचारांची यादी १,३५६ वर गेली आणि पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या कार्डवाल्यांनाही दार उघडलं. पाच लाख हे माणशी नाहीत, सगळ्या कुटुंबाला मिळून वर्षाचे आहेत. त्यात खाट, शस्त्रक्रिया, भूल, औषधं, तपासण्या, स्टेंटसारख्या वस्तू, रुग्णाचं जेवण, घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा आणि परतीचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही येतं. परतीचं भाडं मागणारा नातेवाईक मला सव्वीस वर्षांत मोजून पाच-सहा वेळा भेटला असेल. तुम्ही मागा.

योजनेत बसतो तो दाखल होऊन घ्यायचा उपचार. बाहेरच्या बाहेर दाखवणं, नुसत्या तपासण्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्या हे सगळं त्याच्या बाहेर राहतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत पहिली मेख इथेच आहे. अँजिओग्राफी ही तपासणी आहे. ती एका ठिकाणी पैसे भरून केली, सीडी घेतली, आणि मग योजनेतल्या रुग्णालयात गेलात, तर पहिले पैसे गेले ते गेले. वर ते रुग्णालय म्हणेल, आमच्याकडे पुन्हा करावी लागेल. म्हणून अँजिओग्राफी तिथेच करा जिथे गरज पडल्यास अँजिओप्लास्टी (स्टेंट घालणं) किंवा बायपास योजनेतून होणार आहे, आणि दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला विचारून घ्या की स्टेंट घालावा लागला तर तपासणीचा खर्च पॅकेजमध्ये, म्हणजे योजना रुग्णालयाला देते त्या ठरलेल्या रकमेत, धरणार का, आणि नुसती औषधं दिली तर किती भरावे लागतील. दोन्ही उत्तरं घेतल्याशिवाय नाव नोंदवू नका.

आरोग्यमित्र म्हणजे योजनेनं प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत घेतलेल्या, रुग्णालयात बसवलेला माणूस. त्याचं टेबल बहुधा नोंदणीजवळ असतं. रुग्णालयाच्या बिलिंगवाल्याला विचारलेला प्रश्न आणि आरोग्यमित्राला विचारलेला प्रश्न यांची उत्तरं वेगळी येतात, हे लक्षात ठेवा. हृदयाचं काम कोणत्या अंगीकृत रुग्णालयात होतं हे १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकावर फोन करून घरबसल्या कळतं. काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवल्या आहेत, तेही तिथेच विचारा, म्हणजे खासगीत जाऊन परत फिरायची पाळी येणार नाही.

आता ते पन्नास हजार. रुग्णालय योजनेत अंगीकृत असेल, आजार यादीत बसत असेल आणि तुम्ही योजनेतून उपचार घेणार असाल, तर अनामत मागायचा त्यांना अधिकार नाही. पण बहुतेक वेळा गोष्ट अशी घडते: माणूस घाबरलेला असतो, काउंटरवर पैसे भरतो, रोखीचा रुग्ण म्हणून नोंद होते आणि दोन दिवसांनी कार्ड दाखवतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. कार्ड पहिल्या मिनिटाला दाखवायचं. ‘आम्ही महात्मा फुले योजनेतून आलो आहोत’ हे पहिलं वाक्य असलं पाहिजे. नाही म्हणाले तर कारण लिहून द्या म्हणा. कागद पुढे केला की भाषा बदलते, हा माझा अनुभव आहे.

‘योजनेचा स्टेंट साधा आहे, चांगला हवा तर वरचे भरा’ हे वाक्य कानावर पडेल. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबानं असे पस्तीस हजार भरले होते. पावती त्यांनी जपून ठेवली होती, म्हणून तक्रार टिकली आणि अडीच महिन्यांनी रक्कम परत आली. त्याच महिन्यात दुसऱ्या एकाने पावतीशिवाय वीस हजार दिले होते, त्याच्यासाठी मला काहीच करता आलं नाही. स्टेंटच्या किमतीवर केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे आणि योजनेतला स्टेंट पॅकेजमध्येच असतो. तक्रार वरच्या टोल फ्री क्रमांकावर करा, योजनेच्या जिल्हा समन्वयकाला लेखी द्या, आणि प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना.

काकांच्या कार्डाबद्दल सांगते, कारण कोकणातल्या निम्म्या घरांची ही अडचण आहे. माणूस कधीतरी मुंबईला गिरणीत किंवा हॉटेलात कामाला गेला, भावाच्या कार्डावर नाव चढलं, पुढे गावी परतला, नाव तिथेच राहिलं. गावातल्या कार्डावर बायको-मुलं. घाबरून लगेच नाव कमी करायला धावू नका! मुंबईच्या शिधावाटप कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव वाढवायचं, आणि मध्ये जे आठवडे जातात त्यात तुमचे वडील कोणत्याच कार्डावर नसतील. काकांचं कार्ड महाराष्ट्राचंच आहे, चालू आहे, त्यावर वडिलांचं नाव आहे, तर उपचार त्या कार्डावर होऊ शकतो. काकांना फोन करून कार्डाच्या सगळ्या पानांचे स्पष्ट फोटो आणि बारा अंकी क्रमांक मागवा, आणि मूळ कार्ड कोणा येणाऱ्याच्या हाती पाठवायला सांगा. दादर-सावंतवाडी गाडीनं रोज कोणीतरी आपल्याकडचं येतच असतं. पाच लाखांची मर्यादा त्या कार्डावरच्या सगळ्यांत मिळून धरली जाते, म्हणून काकांच्या घरात यंदा मोठा उपचार झाला आहे का तेही विचारा. नाव हलवण्याचं काम वडील बरे होऊन घरी आले की करा.

आणखी दोन गोष्टी पाहा. आधारवर आणि रेशनकार्डावर नाव सारखंच आहे का? आपल्याकडे एकावर ‘पांडुरंग’ आणि दुसऱ्यावर ‘पांडू’, एकावर आडनाव आणि दुसऱ्यावर गावावरून पडलेलं नाव, हे सर्रास. असा फरक असेल तर आजच आरोग्यमित्राला दाखवा आणि तो कोणता दाखला मागतो ते विचारून घ्या. दुसरं, रेशनकार्डाची ई-केवायसी. रेशन दुकानात अंगठा देऊन ती होते, आणि मुंबईत असलेला माणूस तिथल्या दुकानातही करू शकतो. केवायसी राहिली म्हणून नाव गळलं आणि ते दवाखान्यात कळलं, असं होऊ देऊ नका. आयुष्मान कार्ड तुमच्या आशाताई किंवा गावातलं सेवा केंद्र काढून देतं.

उद्या सकाळी मात्र पहिल्यांदा देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात जा. खासगी डॉक्टरांचे कागद सोबत घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, औषधं यांना पैसे लागत नाहीत. ईसीजी, रक्तदाब, साखर तिथेच पाहून घ्या आणि पुढे पाठवण्याची चिठ्ठी घ्या. त्या चिठ्ठीनं दोन कामं होतात. पुढच्या ठिकाणी तुम्ही दार ठोठावणारे राहत नाही, पाठवलेले रुग्ण होता. आणि तीन दवाखान्यांत तीनदा ईसीजी काढण्याचा तो नऊ हजारांचा प्रकार टळतो. त्यानंतर जिल्ह्याच्या ठिकाणचं, ओरोसचं रुग्णालय, तिथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अलिबाग आणि रत्नागिरीतही झालं आहे. ही महाविद्यालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असतात, त्यामुळे काही तपासण्यांना माफक दर लागू शकतो, तेवढे पैसे खिशात ठेवा.

आपल्या दक्षिण भागात अनेक जण थेट गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातात. तिथले डॉक्टर आणि सोयी उत्तम आहेत, माझ्या अनेक रुग्णांना त्यांनी वाचवलं आहे. पण २०१८ च्या सुरुवातीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागतं. जायचंच असेल तर आपलं कार्ड तिथे त्या आजारासाठी चालतं का हे टोल फ्री क्रमांकावर विचारून मगच गाडी काढा.

गाडीवरून आठवलं. कोकणात आजारपणाचा खरा शत्रू अंतर आहे. करूळ किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर, आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर रात्रभर मुंबई. ठरवून करायच्या उपचाराला खासगी गाडी कशाला? वडिलांची प्रकृती स्थिर असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर एसटी किंवा रेल्वेनं जा. बाईमाणसाला १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. कॅन्सरच्या रुग्णाला उपचाराला जाताना रेल्वेच्या स्लीपरमध्ये पूर्ण सवलत मिळते, सोबत जाणाऱ्यालाही बरीच मिळते, हे तुमच्या कामाचं नाही पण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या कामाचं असेल. परळला टाटामध्ये येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेनं कित्येक वर्षं आसरा दिला आहे. मुंबईला जायची वेळ आली तर चाकरमान्यांच्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं नेऊन ठेवू नका. सोबत एकच माणूस जाऊ द्या. नात्यातला जिव्हाळा मला मान्य आहे, पण सगळं घर दवाखान्यात बसलं की रोजंदारी सगळ्यांची बुडते.

योजनेत उपचार बसला नाही तर? तेव्हाही कर्ज हा शेवटचा रस्ता. मुंबई-पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. हे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१ कक कलमाखाली आहे आणि २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्याची योजना बांधून दिली. यासाठी रुग्णालय आपल्या बिलांतून दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत ठेवतं, म्हणजे तुम्ही कोणाचे उपकार मागत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो सेतूत आजच टाका, कारण निकड पडेल तेव्हा तो आठ दिवस मिळत नाही. तोच दाखला मुख्यमंत्री सहायता निधीला लागतो. त्याचा अर्ज रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकासह करायचा असतो, आणि आता त्यासाठी मंत्रालय गाठावं लागत नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे. बिल भरून झाल्यावर अर्ज घेऊन येणारे नातेवाईक बघितले की मला वाईट वाटायचं. उपचार सुरू असतानाच अर्ज टाकायचा असतो.

वडील मच्छीमार सोसायटीचे सभासद असतील तर त्यांचा अपघात विमा आहे का हे सोसायटीत बघा. मत्स्य संपदा योजनेखाली मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पाच लाख, अंशतः अपंगत्वाला अडीच लाख आणि अपघातात दाखल झाल्यास पंचवीस हजार अशी तरतूद आहे. हृदयविकाराला हा उपयोगी नाही, पण दर्यावर जाणाऱ्या घरात तो असलाच पाहिजे. आणि उचलीबद्दल मालकाशी आत्ताच बोला, दाखल होण्याआधी. आजार कळल्यावर बोललेला शब्द मालक ऐकतो. हंगाम संपल्यावर गेलात तर तो वही उघडतो. मी स्वतः दोन-तीन बोटमालकांशी बोलले आहे, उचल पुढच्या दोन हंगामांत विभागून घ्यायला ते तयार झाले. बोलायला सोसायटीच्या चेअरमनना सोबत न्या.

घरी आल्यावरचा काळ मला सर्वांत काळजीचा वाटतो. स्टेंट घातला तर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज लागतात, आणि त्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायच्या नसतात. पहिल्या दहा दिवसांच्या गोळ्या योजनेतून मिळतात. नंतर महिन्याला हजार-दीड हजाराची चिठ्ठी येते, दोन महिने औषधं आणली जातात, तिसऱ्या महिन्यात ‘आता बरा वाटता’ म्हणून थांबतात. पुन्हा झटका येऊन परत आलेल्यांना मी एकच विचारायची, गोळ्या कधी बंद केल्या? उत्तर जवळजवळ नेहमी मिळायचं. सोडताना डॉक्टरांना सांगा की औषधांची मूळ नावं लिहून द्या. मग ती जनऔषधी दुकानात पुष्कळ स्वस्त पडतात. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या तर तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, मोफत मिळतात. तिथल्या रजिस्टरमध्ये वडिलांचं नाव घाला. पुढच्या महिन्यात ते आले नाहीत तर आशाताई घरी विचारायला येईल, आणि ती आलेली बरी. जाळी ओढायचं काम पुन्हा कधी करायचं हेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारी बंद असते, उपचाराची तारीख निवडायची सवड असेल तर विश्रांतीचे आठवडे त्यात पडतील असं पाहा. पण डॉक्टर थांबू नका म्हणाले तर हंगामाकडे बघू नका.

आता तुमची ती शेवटची ओळ. आईच्या पायांना सूज येते, ते नंतर बघू.

हे ‘नंतर’ मी फार जवळून पाहिलं आहे. पाटल्यांचं ज्या बाईचं सांगितलं, तिला मी हिशेब लिहिताना विचारलं होतं, तुझं कसं आहे? ती म्हणाली, ‘माका काय झाला नाय, जरा दम लागता.’ मी हात धरून बाजूच्या खोलीत नेलं, सिस्टरनं रक्तदाब पाहिला. वरचा आकडा दोनशेच्या जवळ होता. नवऱ्याच्या आजारात ती तीन महिने अर्धपोटी झोपली होती, मिठाचा सुका बांगडा आणि पेज यावर. तिच्या नावाचा केसपेपर त्या इमारतीत त्याआधी कधी निघालाच नव्हता.

काजूच्या कारखान्यात दिवसभर एका जागी बसून पायांना सूज येऊ शकते. रक्त कमी असलं, रक्तदाब वाढला असला, मूत्रपिंडाचं किंवा हृदयाचं काही असलं तरीही येते. बघितल्याशिवाय कळत नाही. वडिलांना ग्रामीण रुग्णालयात न्याल त्याच दिवशी आईला सोबत न्या. तिचा वेगळा केसपेपर काढा, वडिलांच्या कागदावर तोंडी विचारून घेऊ नका. रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर, लघवीची तपासणी, एवढं तिथे होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. कारखान्याच्या पगारपत्रकावर ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात दिसते का तेही बघा. दिसत असेल तर तिला स्वतःच्या नावावर उपचार आहेत, आणि आजारपणाची रजा घ्यावी लागली तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. एक दिवसाची मजुरी बुडते म्हणून ती नाही म्हणेल. तरी उद्या सकाळी साडेआठला नोंदणीच्या खिडकीशी दोघांना घेऊन उभे राहा, आणि आधी आईचं नाव लिहा.